सावलीची वाकडी टीप

सलाईनच्या नळीचं ठिबक

सलाईनची नळी घरात असेल तर फेकू नये. नसेल तर फारच चांगलं. हा प्रयोग सोडून पुढे जावं आणि आपल्या नशिबाचे आभार मानावेत.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी पाण्याची मोठी प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. बूड कापावं. बाटली उलटी टांगावी. झाकणाला भोक पाडून त्यात नळी बसवावी. भोक नळीपेक्षा किंचित लहान असावं, म्हणजे काही चिकटवावं लागत नाही. नळीवर एक छोटं चाक असतं. ते फिरवलं की थेंब सावकाश पडतो किंवा भरभर. झाडाच्या मुळाशी सावकाशच बरा.

मिस्त्रींना हे सुचलं ते हॉस्पिटलात.

मिस्त्री म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणारे. लोकांची मशीनं उघडायची, पुसायची, तेल घालायचं आणि चालती करून परत द्यायची, ह्यात त्यांची उभी हयात गेली. आता दुकान बंद केलंय, हात मात्र बंद होत नाहीत. समोरच्या खाटेवर त्यांची बायको होती. तिला सगळे शिवणबाई म्हणत, कारण अर्ध्या गल्लीला तिने शिवायला शिकवलं होतं. घेवड्याचा वेल वरच्या तारेला बांधायला ती गॅलरीत स्टुलावर चढली, स्टूल कलंडलं आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ती गुंगीत होती. मिस्त्री थेंब बघत बसले होते.

"सिस्टर, ह्या नळ्यांचं पुढे काय करता हो?"

"कचऱ्यात."

"नव्यासुद्धा?"

"नव्या कशाला टाकू, काका? तारीख उलटलेल्या तेवढ्या टाकतो."

"म्हणजे न उघडलेल्या?"

सिस्टरने त्यांच्याकडे बघितलं, मग खाटेकडे. खाटेवरून, डोळे मिटलेलेच ठेवून, शिवणबाई म्हणाली, "देऊन टाका त्यांना. नाहीतर माझी काढून नेतील."

ऑपरेशननंतरचं तिचं हे पहिलं वाक्य. मिस्त्री इतके हसले की डोळे पुसायला त्यांना बाहेर जावं लागलं.

वात

जुनं सुती कापड घ्यावं. नवं नको, नव्या कापडात खळ असते, ते पाणी पीत नाही. पट्ट्या फाडून पीळ द्यावा. एक टोक पाण्याने भरलेल्या बादलीत, दुसरं कुंडीतल्या मातीत, बोटभर खोल. बादली कुंडीपेक्षा उंचावर हवी. पुढचं सगळं कापड बघून घेतं.

एक काळजी घ्यावी. वात आधी ओली करून मगच लावावी. कोरडी वात आपणहून सुरुवात करत नाही. पहिलं पाणी तिला कुणीतरी पाजावं लागतं.

मिस्त्रींनी बायको घरी यायच्या आत गॅलरीतल्या एकूण एक कुंडीला वात नाहीतर नळी लावून टाकली होती. टोमॅटो, मिरची, घेवडा, झेंडू, फुटक्या बादलीतला गुलाब. ती पडल्या पडल्या झाडांची काळजी करणार, हे त्यांना माहीत होतं. तिला ती काळजी राहू नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

हेतूबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही.

आकृती

इथे खरं तर एक चित्र हवं. नाही, म्हणून शब्दांत:

डाव्या हाताला पलंग. पलंगावर शिवणबाई, पाठीशी दोन उशा. पलंगाशेजारी खुर्ची, तिच्यावर मिस्त्री. कोपऱ्यात वॉकर. वॉकर म्हणजे धरून चालायचा तो चार पायांचा घोडा. त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला. उजवीकडे गॅलरीचं दार, खाली उंबरा. पलंगावरून त्या दारातून कुंड्या दिसत नाहीत, कठडाही दिसत नाही. दिसते वरची तार, तारेपलीकडे समोरच्या घराची गच्ची, आणि थोडं आभाळ.

ही तार म्हणजे तीच, घेवड्याच्या वेलाची तार.

टॉवेलबद्दल

"अगं, टॉवेल काढू का त्याच्यावरचा?"

"ओला आहे."

"सकाळपासून ओला आहे?"

"दमट हवा आहे."

"डॉक्टर काय म्हणाले? रोज चाला. हॉस्पिटलात चालत होतीस की."

"तिथे दोन्हीकडून धरायला माणसं होती."

"मी आहे ना एकीकडून."

"तुम्ही मला धरणार की मी तुम्हाला? उद्या बघू."

उद्या परत टॉवेल ओला. परत हवा दमट. लेकीचा फोन आला की शिवणबाई आवाजावर इस्त्री फिरवून सांगायची, "हो गं, चालते ना थोडं थोडं." आणि मिस्त्रींकडे बघून डोळे वटारायची. मिस्त्री फोनवर म्हणायचे, "आई म्हणते तसंच." खोटं बोललो नाही, एवढंच समाधान.

उंबऱ्यापलीकडे ती पडली होती. त्याबद्दल ती चकार शब्द काढत नव्हती. पण तिची मान दाराकडे वळता वळता मध्येच थांबायची. मिस्त्रींना ते दिसायचं.

स्टुलाचे पाय त्यांनी कापून टाकले. उरलेल्या फळीवर आता झेंडूची कुंडी होती.

"करवतीचा आवाज कसला?" तिने आतून विचारलं होतं.

"स्टूल."

"त्याचा काय दोष? चढले मी."

मिस्त्री कापत राहिले.

दोरी ओढून पाणी (हा प्रयोग करू नये)

पुदिन्याची कुंडी खिडकीत ठेवावी. वर खिळ्याला एक लहान बाटली आडवी टांगावी, अशी की मानेकडून दोरी ओढली की ती कलते आणि सोडली की परत सरळ होते. दोरी भिंतीवरून, जुन्या बॉबिनच्या चाकांवरून फिरवून थेट उशीपर्यंत आणावी. टोकाला मोठं बटण बांधावं, म्हणजे बोटांत नीट सापडतं.

काम सुरेख झालं होतं. मिस्त्रींनी बटण तिच्या हातात दिलं. "ओढ."

तिने ओढलं. बाटली कलली, पुदिन्यावर पाणी सांडलं, वास खोलीभर झाला.

"आवडलं?"

"छान आहे."

"आणि गॅलरीचं बोलूच नकोस. मिरचीला फूल आलंय. टोमॅटो लागलेत. वातीवर सगळं आपोआप चाललंय. तुझ्या झाडांना आता तुझी काही म्हणजे काही गरज नाही. तू निवांत पडून राहा."

शिवणबाईने बटण हळूच उशीखाली सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"झोप आली का?"

"हं."

मिस्त्री खुर्चीवर बसून राहिले. काय चुकलं ते त्यांना कळेना. दोरी नीट होती, चाकं नीट होती. बाटलीचं कलणंही नीट होतं. त्यांनी सगळं परत एकदा तपासलं.

व्यायामवाली

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. चुणचुणीत, बोलायला फटकळ. तिने आल्या आल्या दोरी बघितली, बाटली बघितली, बटण उशीखालून बाहेर काढलं आणि ओढून बघितलं.

"आजोबा, हे तुम्ही केलं?"

"हो."

"मस्त आहे. आता पलंगावरून स्वयंपाक करायचं पण काहीतरी काढा. म्हणजे आजींना उठायचं कामच नाही."

शिवणबाई हसली. मिस्त्री नाही हसले.

मुलीने तिचा पाय वर घेतला, खाली घेतला, वाकवायला गेली तर शिवणबाईने दात आवळले. "बघा, आखडत चाललाय," मुलगी म्हणाली. "सांधा वापरला नाही की असंच होणार. आजी, दुखतंय म्हणून हलवायचं नाही, आणि हलवत नाही म्हणून दुखतंय. किती दिवस असं?"

"उद्यापासून," शिवणबाई म्हणाली.

मिस्त्री मुलीला दारापर्यंत सोडायला गेले. जिन्यात ती थांबून म्हणाली, "आत्ता चालल्या तर चालतील, आजोबा. अजून महिनाभर अशाच पडून राहिल्या तर मग मी येऊन उपयोग नाही."

ती गेल्यावरही मिस्त्री दार धरून उभे होते.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला ते एक वाक्य सांगायचे. मशीन दुरुस्त करून हातात देताना, न चुकता: "हे झाकून ठेवू नका. न चालवलेलं मशीन सगळ्यात आधी जाम होतं. शिवायला काही नसलं तर नुसतं चालवा, दोरा न घालता. पण रोज चालवा." बायका कंटाळायच्या त्या वाक्याला. एकदा शिवणबाईने त्याची नक्कल करून शिकायला आलेल्या मुलींना हसवलं होतं, आणि ते पडद्याआड उभे राहून ऐकत होते.

आणि आता घरातलं मशीन त्यांनी स्वतःच्या हाताने झाकून ठेवलं होतं. वर दोरी बांधून दिली होती.

बिघाड कसा करावा

हे मिस्त्रींना येत नव्हतं. आयुष्यात कधी केलं नव्हतं.

आधी त्यांनी ठिबकाची चाकं बंद केली आणि आत येऊन सांगितलं, "नळ्या तुंबल्या गं. झाडं माना टाकतायत. तुलाच बघावं लागेल."

"फुंकर मारा एका टोकातून," ती उशीवरून म्हणाली.

"मारली."

"मग कोमट पाण्यात बुडवा. क्षार बसले असतील."

ते गॅलरीत गेले, जरा वेळ उभे राहिले आणि चाकं उघडून परत आले.

"झालं?"

"झालं."

मग म्हणाले, मिरचीवर कीड आहे. तिने साबणाचं पाणी मारायला सांगितलं. मग म्हणाले, टोमॅटो फार पसरलाय. तिने कुठली फांदी खुडायची ते बोट वाकवून दाखवलं, आणि ते बरोबर तसंच होतं. ती पलंगावरून सगळं निभावून नेत होती. तोंडाने सुटेल असं काहीही तिला उठवणार नव्हतं. हात लावल्याशिवाय तिला राहवणारच नाही, असं काहीतरी हवं होतं.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली सांगण्यासारखी आहे: माळ्यावरून जुन्या पायमशीनचा बिडाचा स्टँड खाली काढला, त्याच्यावर जाड फळी ठोकली आणि गॅलरीत दाराला लागून ठेवला. टोमॅटो, मिरची, गुलाब सगळं त्याच्यावर चढवलं. आता कुठल्याच झाडासाठी वाकायला नको, चढायला नको. आणि स्टँड इतका जड की दोघांनी एकदम रेलून धरला तरी हलणार नाही. उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी फळीचा उतार केला.

दुसरी गोष्ट सावली.

सावली

मोडक्या छत्र्यांचं कापड काढून घ्यावं. काड्यांपासून टाके सोडवताना कापड फाडू नये. पाकळ्या सुट्या करून एकीला एक उलटी जोडावी, म्हणजे लांबट चौकोन होतो. उन्हाच्या दिवसांत कुंड्यांवर ताणून बांधावा.

शिवताना काळ्या कापडाला काळा दोरा.

"अहो." दुसऱ्या दिवशी दुपारी पलंगावरून हाक आली. "ते तारेला काय टांगलंय?"

"सावली केली झाडांना. छत्र्यांचं कापड."

"दोरा पांढरा आहे."

"हो का?"

"हो का काय? मला इथून दिसतोय. काळ्या कापडावर पांढरा दोरा!"

"काळा सापडला नाही."

"डाव्या खणात, पुढेच आहे. आणि ती टीप... अहो, ती टीप वाकडी आहे."

"असेल थोडी."

"थोडी? साप गेल्यासारखी आहे!"

"झाडांना काय कळतंय?"

शिवणबाईने उशी पाठीमागे नीट केली आणि मान लांब करून बघितलं. वाऱ्याने कापड फुगलं, टीप उन्हात चमकली, डावीकडे गेली, उजवीकडे आली, परत डावीकडे. तिने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने परत उघडले.

"काढून आणा इकडे. उसवून देते."

"निघत नाही. गाठी पक्क्या बसल्यात."

"तुमच्या गाठी?"

"माझ्या गाठी."

"कात्रीने कापा."

"तार कापली जाईल." हे काही खरं नव्हतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. मिस्त्री घाईघाईने चहा टाकायला गेले.

त्या दिवसापासून तिची मान दाराकडे वळली की मध्ये थांबेना. थेट वर, टिपेवर. जेवताना टीप. फोनवर लेकीला, "तुझ्या बाबांनी काय शिवलंय ते बघायला ये एकदा. समोरच्या गच्चीवरच्या बाई रोज बघत असतील. म्हणतील, शिवणबाईच्या घरात हे!" व्यायामवाली आली तेव्हा पाय वर नेताना दात आवळायचं सोडून शिवणबाईने तिला विचारलं, "तूच सांग, सरळ आहे का ती?"

"आजी, मला बटण लावता येत नाही," मुलगी म्हणाली. "पण वाकडी आहे."

"बघा, कळलं हिलासुद्धा."

मिस्त्री रोज सकाळी वॉकरवरच्या टॉवेलाकडे बघायचे. ओला.

उसवणे

शिवण उसवायची घाई करू नये. दोरा ओढू नये. कापड गोळा होतं. छोट्या कात्रीच्या टोकाने एक टाका सोडून एक कापत जावं, मग उलट्या बाजूने खालचा दोरा अलगद ओढावा. सगळा एकदम निघतो.

मिस्त्री खाली माती आणायला गेले होते. नर्सरीची नाही, शेजारच्या रिकाम्या जागेतली, चाळून घेतलेली. पिशवी खांद्यावर घेऊन जिना चढले. दार ढकललं तर पलंग रिकामा. टॉवेल उशीवर.

त्यांनी हाक मारली नाही. माणूस उंचावर असताना हाक मारू नये, दचकतं. ती उंचावर नव्हती, तरी त्यांनी हाक मारली नाही. पिशवी जिथे होती तिथेच हळूच खाली ठेवली आणि भिंतीच्या कडेने पुढे गेले.

वॉकर उंबऱ्याच्या पलीकडे होता. शिवणबाई स्टँडला कंबर टेकवून उभी होती, एक हात फळीवर, दुसऱ्या हातात दोरे कापायची छोटी कात्री. कापडाची खालची कड तिच्या खांद्यापर्यंत येत होती. नेमकी तिथपर्यंतच येत होती. ती टाके कापत होती. पाय थरथरत होते, कात्री नाही.

"आलात?" मागे न बघता ती म्हणाली.

"आलो."

"माती चाळून आणलीत?"

"हो."

"इकडे या. हे बघा."

ते जवळ गेले, ती पडलीच तर सापडेल इतके जवळ, पण हात लावला नाही. तिने कापडाची कड उलटी केली.

"टाका बघा. एकसारखा. ताण बघा. खालून, वरून, कुठे सैल नाही. इतका सुंदर टाका आणि टीप वाकडी?"

"हात हलला असेल."

"तुमचा?" तिने बोट कापडावरून फिरवलं आणि बोटाचं टोक त्यांच्यासमोर धरलं. पांढरं झालं होतं. "हे काय आहे?"

मिस्त्री गुलाबाकडे बघत राहिले.

"खडू आहे हा. माझा कापडावर आखायचा खडू." शिवणबाईचा आवाज हलायला लागला, आधी वाटलं रडते आहे. "अहो, वाकडी शिवायची म्हणून आधी वाकडी रेघ आखून घेतलीत? आणि मग तिच्यावरून सरळ शिवलंत?"

"नुसतं वाकडं जमेना," मिस्त्री म्हणाले. "दोनदा केलं. सरळच येत होतं."

ती हसली. हसताना स्टँड घट्ट धरला, कात्री झेंडूत पडली, तरी हसत राहिली. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली. मिस्त्रींना आपल्या चेहऱ्याचं काय करावं कळेना. त्यांनी झेंडूतून कात्री काढली, धोतराला नाही, सदऱ्याला पुसली आणि तिच्या हातात दिली.

"मला वाटलं, माझी काही गरज उरली नाही," ती म्हणाली. आता हसत नव्हती. "तुम्हीच म्हणालात."

"मी मूर्ख आहे."

"ते मला लग्नाआधीपासून माहीत होतं." तिने टोमॅटोच्या बुडाशी बोट घातलं, माती चाचपली. "फार ओली आहे. मुळं कुजतील. ही नळी काढा. ही पण. गुलाबाची राहू दे, त्याचे लाड करा."

"आणि पाणी?"

"मी घालीन ना. झारी करून द्या. लहान बाटलीची, मला एका हाताने उचलता येईल अशी. भोकं बारीक पाडा, गरम सुईने. तुमच्या त्या सळईने नको."

"आत्ता करतो."

"आत्ता नको. आत्ता इथे उभे राहा."

ते उभे राहिले. ती आणखी थोडं उसवत गेली. मग कात्री फळीवर ठेवली आणि कापड सोडून दिलं. अर्धी कड मोकळी झाली होती. अर्ध्यावर पांढरी टीप तशीच होती, डावीकडे जाऊन उजवीकडे वळणारी.

"एवढं पुरे," शिवणबाई म्हणाली. "बाकीचं उद्या."

मिस्त्रींनी वॉकर तिच्यापुढे सरकवला.

परत जाताना वॉकर पुढे, ती मध्ये, ते मागे. उताराच्या फळीवर ती थांबली. "ही चांगली केलीत," म्हणाली आणि उतरली. पलंगावर बसून तिने श्वास घेतला. ते वॉकर कोपऱ्यात न्यायला लागले.

"तिकडे नको. इथे, हाताशी ठेवा. आणि हा टॉवेल उचला उशीवरून, ओला आहे."

मिस्त्रींनी टॉवेल उचलला. तो कोरडा ठणठणीत होता. घडी करावी, पण ठेवायचा कुठे? वॉकरवर आता नाही. भिंतीवर एक दांडी लागणार.

छत्र्यांचे दांडे उरलेच होते.